पडद्यावरील प्राणी व दारांतील प्राणी

जी वस्तु डोळ्यांस गोड दिसते ती आपल्या घरीं असावी असें मनुष्यास वाटतें, आणि तें वाटणें स्वाभाविक आहे. लुगडें, घड्याळ, सायकल ह्यांविषयीं मोह झाला व पुढें तो ओसरला, तर फार तर पैसा वायां जातो; लुगडें पेटींत पडून राहतें, त्यास भूक लागत नाहीं. परंतु ज्याचा मोह झाला तो पदार्थ जर सजीव असेल, तर गोष्ट निराळी होते. चित्रपटांतील कुत्र्याच्या किंवा पक्ष्याच्या रूपास भुलून तसाच प्राणी विकत आणणें, आणि चार महिन्यांनीं कंटाळा आला म्हणजे त्यास रस्त्यावर सोडून देणें, ही चाल मोठ्या शहरांतून आतां दिसून येते. ह्यांत पाप आहे कीं केवळ अविचार आहे, आणि दोष नक्की कोणाच्या माथीं येतो, ह्याचा विचार आज आम्ही करणार आहों.

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील आमचे वाचक येथेंच विचारतील कीं, हा प्रश्न आमचा कोठें आहे? ज्या डोंगरांत नाचणी, वरई व भात ह्यांवर वर्ष कसेंबसें काढावें लागतें, भातकापणी झाली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी, वसई, ठाणें ह्या बाजूंस वीटभट्टीवर व बांधकामावर निघून जातात, जेथें १९९२ सालीं वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनीं साऱ्या देशाची मान खालीं घातली, तेथें शहरच्या लोकांच्या कुत्र्यांची चर्चा कशाला? हा आक्षेप हलका नव्हे, आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाहीं. उलट आमचें म्हणणें असें आहे कीं, ह्या प्रश्नाचें खरें उत्तर ज्यांस ठाऊक आहे असे लोक ह्याच डोंगरांत राहतात. "आणखी एक खाणारें तोंड" ह्या शब्दांचा अर्थ गरिबाच्या घरीं कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. चित्रपट नेमका हाच अर्थ झांकून ठेवितो. शिवाय, पूर्वीं चित्रपट पाहावयास पाडा सोडून दूर जावें लागे. आतां तो मोबाईलमधून पाड्यापाड्यांत, चुलीपाशीं येऊन बसला आहे. तेव्हां शहराची ही खोड आपल्या दारीं कधींच येणार नाहीं असें कोणीं समजूं नये.

प्रथम काय घडलें तें पाहूं. २००३ सालीं हच नांवाच्या दूरध्वनि-कंपनीनें जाहिरात म्हणून एक लहानसें चलच्चित्र काढिलें. तें गोव्यांत चित्रित झालें होतें. त्यांत एक लहान मुलगा चालला आहे, आणि चपट्या तोंडाचा, सुरकुतलेल्या कपाळाचा एक बुटका कुत्रा तो जाईल तेथें त्याच्या मागें मागें जातो, एवढेंच. कंपनीस सांगावयाचें होतें कीं, तुम्ही जेथें जाल तेथें आमचें जाळें तुमच्या पाठोपाठ येईल. लोकांनीं जाळें विसरून कुत्रा लक्षांत ठेविला. त्या जातीस पग असें नांव आहे. तोंवर भारतांत क्वचित् दिसणाऱ्या ह्या जातीस शहरोशहरीं मागणी आली, तिचा भाव चढला, आणि पुष्कळ लोक तर तिचें मूळ नांव न घेतां "हचचा कुत्रा" असेंच म्हणूं लागले. त्या जाहिरातींत कोणीं "कुत्रा घ्या" असा एक शब्दही उच्चारला नव्हता, ही गोष्ट ध्यानांत ठेविण्याजोगी आहे.

आतां त्या बिचाऱ्या जातीची शरीररचना पाहा. मनुष्यास जसा सर्वांगास घाम येतो तसा कुत्र्यास येत नाहीं. तो जीभ बाहेर काढून धापा टाकितो व त्यायोगें आपलें अंग थंड ठेवितो. पगाचें नाक पिढ्यानुपिढ्या मनुष्यानेंच मुद्दाम निवड करून इतकें बसकें केलें आहे कीं, त्याची श्वासाची वाट जन्मतःच अरुंद असते. ज्यास धड श्वास घेतां येत नाहीं त्यानें वैशाखांत धापा टाकाव्या तरी कशा? त्याचे डोळे बाहेर आलेले असल्यानें त्यांस सहज इजा होते, व कपाळाच्या ज्या सुरकुत्यांवर लोक भाळले त्या सुरकुत्यांत ओल राहून कातडें चिघळतें. पडद्यावर जें रूप म्हणून दिसलें तें पुष्कळ अंशीं त्या प्राण्याचें दुखणें होतें. पुढें ती कंपनी व्होडाफोन ह्या नांवानें चालूं लागली, आणि २०१८ सालीं तिनें तोच कुत्रा पुनः जाहिरातींत आणिला, तेव्हां पेटा इंडिया ह्या संस्थेनें ह्याच कारणास्तव हरकत घेतली होती.

हा एकच दाखला नव्हे. १९९४ सालच्या "हम आपके हैं कौन" ह्या हिंदी चित्रपटांतील टफी नांवाच्या पांढऱ्या केसाळ कुत्र्यानें त्या जातीचा लौकिक देशभर वाढविला. त्याच्याही आधीं अमेरिकेंत काळ्या ठिपक्यांच्या डाल्मेशियन कुत्र्यांचें असेंच झालें. त्या जातीच्या एकशेंएक कुत्र्यांची गोष्ट सांगणारा जुना व्यंगचित्रपट १९८५ सालीं तेथें पुनः दाखविण्यांत आला. त्या वर्षीं त्या देशाच्या श्वानसंघाकडे नोंदलेलीं नवीं डाल्मेशियन पिल्लें ८,१७० होतीं; १९९३ सालीं तो आंकडा ४२,८१६ झाला. नंतर हौस फिटली व आंकडा कोसळला. पुढें एका परदेशी मालिकेंत प्रचंड लांडगे दाखविले, तेव्हां लांडग्यासारखे दिसणारे हस्की कुत्रे घेण्याची लाट आली. अखेर २०१७ सालीं त्या मालिकेंतील प्रमुख नट पीटर डिंक्लेज ह्यांस लोकांस विनंती करावी लागली कीं, कृपा करून असे कुत्रे विकत घेऊं नका. सैबेरियाच्या बर्फांत गाडी ओढण्याकरितां वाढविलेला दाट लोकरीचा तो प्राणी मुंबईच्या दमट हवेंत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत बांधलेला असतो. घरांत मेंढी ठेवून तिला रग पांघरावा, तशांतलाच हा प्रकार.

२०१४ सालीं काहीं विद्वानांनीं १९२७ पासून २००४ पर्यंतच्या ८७ इंग्रजी चित्रपटांचा व अमेरिकेंतील कुत्र्यांच्या नोंदींचा ताळा घालून पाहिला. त्यांस असें आढळून आलें कीं, लोकप्रिय चित्रपटाचा परिणाम दहा वर्षांपर्यंतही टिकतो. त्यांच्यांतील कित्येकांनीं त्याच्या आदल्या वर्षीं जें दाखविलें तें आम्हांस अधिक विचार करावयास लावणारें वाटतें: जी जात अधिक निरोगी, अधिक दीर्घायुषी, अधिक सुस्वभावी, तीच लोकांस अधिक प्रिय झाली असें मुळींच दिसलें नाहीं. म्हणजे बैल घेतांना आमचा अडाणी म्हणविणारा शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो. आणि कुत्रा घेतांना शिकलेला मनुष्य त्यांतलें काहींच पाहत नाहीं, केवळ चित्र पाहतो.

मग दोष चित्रपटाचा काय? असें एकदम म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. हॅरी पॉटर नांवाच्या मुलाच्या गोष्टींवर २००१ पासून जे चित्रपट निघाले त्यांत त्याच्याजवळ एक पांढरें घुबड असतें. २०१० सालीं आपल्या देशाचे तेव्हांचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनीं घुबडांच्या चोरट्या व्यापारास ह्या गोष्टींचाही हातभार लागतो असें बोलून दाखविलें. त्याच वेळीं पक्षितज्ज्ञ अबरार अहमद ह्यांचा अहवाल बाहेर आला; एका ओळखीच्या बाईंनीं मुलाच्या दहाव्या वाढदिवसाकरितां पांढरें घुबड मिळवून द्या अशी गळ त्यांस घातली होती. परंतु त्याच अहवालावरून दिसतें कीं, आपल्या देशांत घुबडांचा मुख्य काळ चित्रपट नसून जादूटोणा आहे. आणि इंग्लंडांत २०१७ सालीं झालेल्या शोधांत त्या चित्रपटांमुळें तेथें घुबडें पाळण्याचें प्रमाण वाढल्याचा पुरावा सांपडला नाहीं. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशाच्या २००३ सालच्या चित्रपटाविषयींही प्रथम असाच मोठा बोभाटा झाला, व मागाहून तपासणाऱ्यांस त्यास फारसा आधार मिळाला नाहीं. तेव्हां प्रत्येक चित्रपट प्रत्येक वेळीं आग लावितोच असें नाहीं. ठिणगी पडली तरी खालीं वाळलेलें गवत असावें लागतें. पगाच्या बाबतींत तें गवत तयार होतें: हातांत पैसा आलेलीं कुटुंबें होतीं, व मादीला वेतामागून वेत घ्यावयास लावून पिल्लें विकणारे लोक होते.

शिवाय काहीं चित्रपटांचा हेतु ह्याच्या अगदीं उलट असतो, तोही लक्षांत घ्यावा. २०११ च्या "चिल्लर पार्टी" ह्या चित्रपटांतील मुलें रस्त्यावरच्या एका बेवारशी कुत्र्याकरितां मंत्र्याशीं झगडतात. २०२२ च्या "७७७ चार्ली" ह्या कानडी चित्रपटांतील कुत्री तर एका निर्दय पैदासकाराच्या तावडींतून निसटून आलेली दाखविली आहे, आणि तिचा दुर्धर रोग हा अशा पैदाशीचेंच फळ म्हणून सांगितला आहे. असा चित्रपट डोळ्यांत पाणी आणून पाहावा, आणि दुसरे दिवशीं अशाच एका पैदासकाराकडे पिल्लाचा भाव विचारावा, ह्यांत चित्रपटाचा काय अपराध? तरी चित्रपट अगदीं निर्दोष आहे असेंही आम्हांस म्हणवत नाहीं. पडद्यावर जो एक कुत्रा दिसतो तो पुष्कळदां एक नसतो. शिकवून तयार केलेले दोन-चार सारखे कुत्रे आळीपाळीनें पुढें येतात, व त्यांचे शिक्षक पडद्याच्या कडेस उभे असतात. डाल्मेशियन कुत्र्यांच्या गोष्टीवर १९९६ सालीं जिवंत कुत्रे घेऊन चित्रपट काढिला, तेव्हां दोनशेंहून अधिक पिल्लें लागलीं. कारण पिल्लूं भराभर वाढतें, आणि गोष्टींतलें पिल्लूं तर लहानच राहावयास पाहिजे! वाढलेलें पिल्लूं काढून त्याच्या जागीं नवें लहान पिल्लूं आणण्याची ही सोय चित्रपट काढणाऱ्यास असते. घरीं विकत आणणाऱ्यास ती नसते, परंतु पडद्यावर पाहून तोही मनांत तशीच अपेक्षा धरून बसतो. पडद्यावरचें पिल्लूं रात्रीं रडत नाहीं, जोडा कुरतडीत नाहीं, अंगणांत घाण करीत नाहीं. त्यास गोचीड होत नाहीं, लस लागत नाहीं, आणि कथेस जरूर असल्यावांचून तें म्हातारेंही होत नाहीं. चित्रपटानें खोटें सांगितलें असें नव्हे. त्यानें प्रेमाचा भाग दाखविला व पोसण्याचा भाग गाळिला.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. प्राणी घरीं आणणें हा एक करार आहे असें आमचें मत आहे. कुत्रा दहा-बारा वर्षें, काहीं तर त्याहून अधिक जगतात. आठ वर्षांच्या मुलाच्या हट्टासाठीं आज जें पिल्लूं आणाल तें तो मुलगा वीस वर्षांचा होईल तेव्हां म्हातारें होऊन दारांत पडलेलें असेल. ह्या कराराचा एक पक्ष मुका आहे. त्यास फिर्याद करतां येत नाहीं, साक्ष देतां येत नाहीं, ज्यानें सोडून दिलें त्यास दोष देण्याइतकीही बुद्धि त्यास नाहीं. तो जेथें सोडला त्या जागीं वाट पाहत बसतो. मनुष्याशीं केलेला करार मोडतांना निदान पुढें होणाऱ्या भांडणाची भीति असते. येथें तीही नसल्यामुळें करार मोडणें फार सोपें आहे, आणि म्हणूनच आमच्या दृष्टीनें तें अधिक वाईट आहे. पिल्लूं घेतलें तो अविचार होता असें कोणी म्हणेल तर आम्ही मान्य करूं. त्यास सोडून देणें हा विश्वासघात आहे, व त्यास दुसरें सौम्य नांव आम्हांस सुचत नाहीं.

सरकारनेंही ही गोष्ट ओळखिली आहे, जरी तिची किंमत फार थोडी ठरविली. १९६० च्या प्राणिक्लेशनिवारण कायद्यांत, पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितींत वाजवी कारणावांचून सोडून देणें हा गुन्हा ठरविला, व पहिल्या अपराधास १० ते ५० रुपये दंड लिहिला. दहा रुपयांत आज टपरीवर चहाचा एक पेला मिळतो. २०१७ च्या नियमांनीं कुत्र्यांची पैदास करणारास नोंदणीची सक्ति केली, आणि आठ आठवड्यांच्या आंतलें पिल्लूं विकूं नये असें ठरविलें. त्यापूर्वीं तें आईवेगळें केलें तर दुबळें व भेदरट राहतें, हें ज्याच्या घरीं कुत्री व्याली आहे त्यास सरकारनें सांगावयास नको.

मुक्या प्राण्याविषयींचें प्रेम हें शहरानें शोधून काढिलेलें नाहीं. एकनाथांनीं तहानेनें तडफडणाऱ्या गाढवास कावडींतलें गंगेचें पाणी पाजिलें ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक आहे. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधि कृष्णाकांठीं माहुलीस आहे. आणि नाथान संदेष्ट्यानें दावीद राजास जो दृष्टांत सांगितला त्यांतील गरीब मनुष्य उपदेशक बंधूंस आठवत असेलच. त्याच्याजवळ एकच मेंढी होती, ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या घांसांतला घांस खात असे. श्रीमंताच्या घरीं मेंढरें पुष्कळ होतीं, पण त्यांतील एकही त्याच्या घांसांत वांटेकरी नव्हतें. आपल्या पाहुण्याकरितां त्यानें गरिबाचीच मेंढी उचलिली, कारण मेंढी म्हणजे काय हें त्यास कधीं कळलेंच नव्हतें. प्राण्याचें मोल घांस वांटून देणारास कळतें. हें तीन हजार वर्षांपूर्वींच्या राजास जेवढें लागू होतें तेवढेंच दुकानांतून पिल्लूं उचलून आणणारासही लागू आहे.

समजा, मोखाड्याच्या एखाद्या पाड्यांतला तरुण वसईस बांधकामावर आहे. मोबाईलवर त्यानें एक चित्रपट पाहिला; त्यांतल्यासारखेंच पांढरें केसाळ पिल्लूं बाजारांत एका खोक्यांत दिसलें. आठ-दहा दिवसांची मजुरी देऊन त्यानें तें घेतलें, व होळीस घरीं येतांना धाकट्या बहिणीकरितां आणिलें. बहिणीच्या आनंदास पार नाहीं. त्यांत वाईट काय? त्याच्या प्रेमाविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु होळी संपतांच तो परत जाईल; पिल्लूं आईच्या गळ्यांत पडेल. तिच्याजवळ पिण्याच्या पाण्याकरितां झऱ्यावर खेपा घालण्याचें काम आधींच आहे, आणि चैत्र-वैशाखांत झरे आटतात. मग जव्हारचा पावसाळा: चार महिने जमीन ओली, हवा ओली, त्या दाट केसांत गोचीड व खरूज. पाड्यांतील इतर कुत्रे त्यास आपल्यांत घेणार नाहींत, बिबट्या आला तर तें पळूंही शकणार नाहीं. लस टोंचावयाची तर जनावरांच्या दवाखान्यापर्यंत जाण्याचें भाडें व एक दिवसाची मजुरी. शेवटीं आई तें कोणास तरी देऊन टाकील, किंवा तें आपोआप मरेल, आणि बहिणीस सांगण्यांत येईल कीं, त्याचें नशीबच तसें होतें. नशिबाचा येथें काहीं संबंध नव्हता. त्या तरुणानें होळीपूर्वीं आईस एक शब्द विचारावयास पाहिजे होता: "आई, हें तोंड कोण पोसणार?" ज्या घरीं हा प्रश्न मुलाच्या लग्नाच्या वेळीं, बकरी घेतांना, पाहुणा राहिला तरी निघतो, तेथें पिल्लाच्या वेळींच तो कां निघूं नये?

दुसऱ्याच्या दोषाविषयीं लिहिणें सोपें असतें, म्हणून आपल्याकडची बाजूही सांगतों. पाड्यांतला कुत्रा चित्रपट पाहून आणिलेला नसतो. तो राखणीस असतो, आणि रानडुकराची चाहूल तोच प्रथम देतो. तरी त्याचा धनी कोण, हें विचारलें तर पुष्कळदां उत्तर मिळत नाहीं. कामाच्या वेळीं तो सर्वांचा, भाकरीच्या वेळीं कोणाचाच नाहीं. कुत्री व्याली कीं मादी पिल्लें पोत्यांत घालून ओढ्याकांठीं किंवा बाजाराच्या गांवीं सोडून येतात. ही क्रूरता गरिबीमुळें होते असें म्हणावें तर तिचा खर्च शेवटीं गरिबासच सोसावा लागतो, कारण बेवारशी कुत्रा पिसाळला तर तो पायीं शाळेस जाणाऱ्या मुलास चावतो. असा प्रसंग आला तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें निदान पंधरा मिनिटें धुवावी, आणि मुलास त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत न्यावें, जव्हारकडच्या लोकांनीं पतंगशहा कुटीर रुग्णालयांत. लसीच्या ज्या तारखा सांगतील त्यांतली एकही चुकवूं नये. झाडपाला बांधून किंवा मंत्र घालून वाट पाहूं नये. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मनुष्य वांचत नाहीं असें म्हटलें तरी चालेल.

आणखी एक गोष्ट आमच्या तरुण वाचकांकरितां लिहावयाची आहे. शहरास जेव्हां पोपट, मैना, घुबड ह्यांची हौस होते, तेव्हां तो पक्षी शहरांत उगवत नाहीं; तो कोणत्या तरी रानांतून जातो. हिवाळा संपतांना पोपट झाडांच्या ढोलींत पिल्लें घालतात, आणि त्या ढोलीपर्यंत चढण्याचें कसब दुकानदारास नसतें, रानाकांठच्या मुलास असतें. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९०–९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार सर्वस्वी बंद आहे. पोपट पिंजऱ्यांत पाळणें हेंही कायद्याविरुद्ध आहे. घुबडांविषयीं तर वर सांगितलेल्या अहवालांत असें दिसून आलें कीं, भारतांत आढळणाऱ्या सुमारें ३० जातींपैकीं १५ जाती चोरट्या बाजारांत विकल्या जात होत्या. दिवाळीच्या सुमारास ही मागणी वाढते. कोणी अनोळखी मनुष्य चांगला पैसा देऊं करील, आणि पुढें धरपकड झाली तर तो सांपडणार नाहीं, झाडावर चढलेला मुलगा सांपडेल. गव्हाणी घुबडाचें एक जोडपें पिल्लें असतांना रात्रींतून कितीतरी उंदीर मारितें. ज्याच्या कणगींत भात आहे त्यानें त्या जोडप्यास अपशकुनी म्हणणें म्हणजे आपल्याच राखणदारास शिव्या देणें आहे.

कुत्रा पाळूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यास पाळावयाचा आहे त्यानें पाड्यांतलाच गांवठी कुत्रा धरावा. तो ह्या हवेंत, ह्या पावसांत पिढ्यानुपिढ्या टिकला आहे, त्याचें नाक लांब आहे, आणि त्यास विकत घ्यावें लागत नाहीं. त्यास नांव द्यावें, घरांतील एका मनुष्यावर त्याची भाकर सोंपवावी, वर्षांतून एकदां पिसाळण्याविरुद्धची लस टोंचून घ्यावी. मादी असेल तर वेत बंद करण्याची शस्त्रक्रिया पशुवैद्यांस विचारावी. पशुवैद्य दूर असल्यास चार घरांनीं मिळून एकाच दिवशीं आपलीं जनावरें न्यावीं, म्हणजे भाडें वांटलें जाईल.

भातकापणी आटोपली कीं पुनः घरें बंद होऊं लागतील व गाठोडीं बांधलीं जातील. भट्टीचा मुकादम कुत्र्यास गाडींत घेऊं देत नाहीं, आणि होळीपर्यंत घर उघडावयाचें नाहीं. निघण्यापूर्वीं जशी बकरी थोरल्या भावाकडे व कोंबड्या शेजारीं ठेवितां, तशी कुत्र्याचीही व्यवस्था मागें राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशीं बोलून करावी, आणि त्याच्या वांट्याची पायलीभर नाचणी त्या घरीं पोंचती करूनच गाडींत बसावें. उपदेशक बंधु निघणाऱ्या कुटुंबांची यादी करतात, तेव्हां मुलांच्या शाळेविषयीं व रेशनकार्डाविषयीं विचारतातच. त्याच वेळीं हेंही विचारून घ्यावें.